लाल रबराची बाटली

आमच्या घरात रिकामी बाटली टाकणं हे माणूस टाकण्याइतकं पाप. सरबत संपतं, बाटली उरते. पुढे तिच्यात पाणी, तेल, साबण, जे येईल ते सुखाने नांदतं. काल बेसिन तुंबलं. प्लंबरने थोडं औषध ओतून बघितलं आणि म्हणाला, "उरलेलं घरात कुणी नसताना ओता. जहाल आहे, जपून." आमच्या हिने ते अर्थातच सरबताच्या बाटलीत भरून घेतलं. रंग अगदी पाण्यासारखा.

घरात कुणी नसणार होतं आज. आज आम्ही समुद्रावर निघालो होतो.

सूनबाई सँडविच फडक्यात गुंडाळत होती, मुलगा छत्रीशी कुस्ती खेळत होता, मी उकडलेली अंडी पुसत होतो. माझ्यावर तेवढाच विश्वास आहे. टोपली भरली, टॉवेल बांधले. ही म्हणाली, "चला, ते औषध ओतते आणि निघू."

आणि ओट्याकडे बघतच राहिली. ओटा लख्ख रिकामा.

"अगं, इथली बाटली?"

"भरल्या की मी सगळ्या," सून म्हणाली. "पाण्याच्याच ना?"

मुलगा टोपली उपसू लागला. "वास घेऊन बघू?"

"नाक नकोसं झालंय का तुला?" ही ओरडली.

तेवढ्यात सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. "खारूताई!"

खारूताई म्हणजे आमची नात. एक बाटली बगलेत मारून ती मघाशीच खाली गेली होती, गाडीत खिडकी पकडायला.

माझ्या गुडघ्यांना डॉक्टरांनी जिना बंद केलाय. गुडघे ते विसरले. सून पुढे, मागे आम्ही सगळे अनवाणी. कुणी हाक मारली नाही. हाकेला ओ आली नाही तर काय, ही भीती.

खारूताई मागच्या सीटवर आडवी. डोळे मिटलेले. बाटली पायाशी, अर्धी झालेली.

"बाळा!" सुनेचा आवाजच फाटला.

एक डोळा उघडला. "मी झोपलेय. आजोबांना खिडकी देणार नाही."

"हे पाणी प्यायलीस? जळजळतंय का? तोंड उघड!"

तिने आ केला. जीभ, पडका दात, गुलाबी घसा. सगळं जागच्या जागी. "आणखी काय दाखवू?"

सून मटकन खाली बसली आणि रडू लागली.

सून आणि नात गाडीपाशीच थांबल्या. आम्ही वर आलो. हातमोजे चढवून मुलगा एकेक बाटली बेसिनमध्ये ओतू लागला. तुंबलेलं पाणी नुसतं वर चढत होतं. शेवटची ओतली आणि डोळ्यांत झोंबणारा वास उठला. खिडक्या उघडून आम्ही दाराबाहेर धावलो. थोड्या वेळाने आतून पाईप गुरगुरला, आणि बेसिन घटाघटा पाणी प्यायलं.

त्या बाटलीच्या गळ्याला लाल रबर होतं. लाल रबर म्हणजे माझी बाटली. टोपली भरताना सून ते न चुकता लावते.

"अहो," ही म्हणाली. मग ओट्याखालच्या सगळ्या रिकाम्या बाटल्या तिने स्वतः कचऱ्यात टाकल्या. प्रत्येक बाटली वाजली.

गाडीत मला खिडकी मिळाली. न मागता.