बटणांच्या बरणीत गांधीलमाशी

मी बरणी बोलतेय. काचेची, पसरट तोंडाची, पत्र्याच्या झाकणाची. भट्टीतून निघाले तेव्हा माझ्यासारख्या ढीगभर होत्या, त्यामुळे रूपाचा तोरा मिरवायची सोय नाही. या घरात मी कॉफी घेऊन आले. कॉफी संपली तशी घरच्या बाईंनी मला घासूनपुसून माझ्यात बटणं भरली. शर्टाची चिंधी होऊन ती फरशी पुसायला लागली तरी त्याची बटणं माझ्याकडेच. मुलगी लहान असताना मला खुळखुळा म्हणून वाजवायची. माझे चांगले दिवस म्हणायचे तर तेच.

बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. दिवसभर डोळ्याला भिंग लावून टेबलाशी वाकलेले, म्हणून शेजारीपाजारी त्यांना भिंगकाका म्हणतात. केसाएवढी स्प्रिंग यांना दिसते, पण समोर ठेवलेला चहा दिसत नाही, असं बाई म्हणायच्या.

गेल्या उन्हाळ्यात बाईंच्या मानेला काहीतरी चावलं. अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला, ओठ निळे पडले. वेळेत दवाखाना गाठला म्हणून वाचल्या. चावल्यावर लगेच टोचायला औषधाची एक सुई घरात ठेवायला देऊन डॉक्टर म्हणाले, "काय चावलं ते कळलं तर बरं होईल. आणि पुन्हा चावू देऊ नका. पुढच्या वेळी इतका अवधी मिळेलच असं नाही."

काकांनी यातलं पहिलं वाक्य धरलं. घरी येताच माझ्यातली बटणं वर्तमानपत्रावर ओतली आणि मला माशा पकडायला घेतलं. बटणांच्या जागी माझ्यात आता भणभण सुरू झाली. मला कुणी विचारलं नाही. बरण्यांना विचारायची पद्धत नसते.

काका मला उजेडात धरायचे आणि बाईंना हाक मारायचे. "ही बघ, कंबर दोऱ्याएवढी. ही कुंभारीण. भिंतीवर चिखलाचं घर बांधते, कुणाच्या वाटेला जात नाही." ती सुटायची. "हा निळसर काळा म्हणजे लाकूड पोखरणारा भुंगा. नुसती गडबड." तोही सुटायचा. बायकोला वाचवायची धडपड होती ती, हे मी पाहत होते. पण त्यात त्यांना गोडीही लागली होती, तेही माझ्या नजरेतून सुटलं नाही.

बाई म्हणायच्या, "अहो, ओळखपाळख पुरे. या येतात कुठून ते बघा आधी."

"बघतो गं. आधी कोण आहे ते तर कळू दे!"

एका दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीवर मोठी गांधीलमाशी बसली. काकांनी ती अलगद माझ्यात घेतली. पोटावरचा पट्टा नीट दिसावा म्हणून चिमट्यात कापूस धरून तिला माझ्या काचेवर दाबलं. जरा जास्तच दाबलं. ती चिरडली, नांगीतलं पाणी कापसात उतरलं आणि माझ्यात उग्र वास भरला. काकांचं त्याकडे लक्ष नव्हतं. डोळ्याला भिंग होतं.

"अगं ये लवकर, सापडली! बोटाच्या पेराएवढी, पोटावर रुंद पिवळा पट्टा. हीच ती. नीट बघून घे, म्हणजे पुढे ओळखशील."

बाईंनी मला हातात घेतलं, तोंड माझ्याजवळ आणलं आणि नाक मुरडलं. "शी! कसला वास मारतोय. जरा बाहेर वाऱ्याला ठेवते." झाकण न लावताच त्या मला घेऊन गॅलरीत गेल्या.

गॅलरीच्या कोपऱ्यात बंद पडलेला कूलर होता. गांधीलमाशांचं पोळं त्याच्या आत होतं. वास माझ्यातून निघून तिथवर पोचला असावा, कारण कूलरच्या जाळीतून त्या झुंडीनं बाहेर आल्या आणि सरळ बाईंच्या हातांवर, तोंडावर तुटून पडल्या. बाईंनी मला टाकलं नाही. का टाकलं नाही, कोण जाणे! काकांनी त्यांना ओढून आत आणलं, सुई टोचली. पण डंख एकदोन नव्हते.

दवाखान्यात काका मलाही घेऊन गेले. डॉक्टरांनी ओळखायला सांगितलं होतं ना! सगळं संपल्यावर त्यांनी मला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "ही बघा. ही होती."

डॉक्टरांनी आतला कापूस पाहिला. "ही कधी चिरडलीत? आधी की नंतर?"

"का?"

"चिरडलेलीच्या वासावर बाकीच्या धावून येतात, म्हणून विचारलं."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. सासरहून धावत आलेली मुलगी दारात उभी होती. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "नंतर."

चार पाहुणे येऊन गेले, घर रिकामं झालं. वर्तमानपत्रावरची बटणं मुलीला सापडली. "बाबा, ती बरणी द्या. धुऊन बटणं परत भरते. आई त्यातच ठेवायची."

"ती नको. दुसरी घे."

"मेलेली माशी कशाला जपताय?" काकांनी मला जवळ ओढलं, तसा तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "निदान एक तरी मारलीत ना तुम्ही. आईसाठी तेवढं तरी केलंत."

काकांनी माझं झाकण घट्ट फिरवलं. मी काचेची नसते तर त्या क्षणी ओरडले असते.

तेव्हापासून मी त्यांच्या टेबलावर आहे. झाकण घट्ट आहे. घड्याळं तशीच पडून असतात आणि काका भिंग लावून मलाच बघत बसतात. पट्टा अजून तितकाच पिवळा आहे.

काका, एकदा तिला सांगून टाका. ती रडेल, चिडेल, कदाचित बरेच दिवस घरी येणार नाही. पण तिचं ते 'तेवढं तरी केलंत' असं रोज गिळू नका हो. मग मला तिच्या हातात द्या. ती मला घासेल आणि तिच्या आईची बटणं माझ्यात परत भरेल.