फवारा कुणाच्या हातात

अमेरिकेत काळ्यांच्या वस्तीतल्या चर्चबाहेर टेबल मांडून बसलेल्या गोऱ्या पोरीनं व्हर्नेलपुढे नाकात मारायचा फवारा धरला.

"मावशी, नशेनं कुणाचा श्वास अडकला तर यानं जीव वाचतो. फुकट आहे, घ्या."

व्हर्नेलचं डोकंच सणकलं. खिशात नशेची नुसती रिकामी नळी सापडली, म्हणून तिच्या लेकाचं, लमाँटचं, ऐन तारुण्य तुरुंगात सडलं. तेव्हा कुठं तडमडली होती ही माणसं?

"आणि पोलिसांनी धरलं तर?"

"छे! हे बाळगायला आता कायद्यानं चालतं."

"कुणाला चालतं?"

पोरीनं फवारा आणखी पुढे सरकवला.

"मग तूच घे हातात, आणि चल माझ्या घरापर्यंत."

दोघी निघाल्या. कोपऱ्यावर उभ्या पोलिसानं फवारा घेतलेल्या पोरीकडे बघून हसून हात हलवला. मग व्हर्नेलकडे वळून म्हणाला, "ए म्हातारे, पर्स उघड."