हँडलवाल्या पिशव्या

गिऱ्हाइकांना रजया पाठवायला हँडलवाल्या पिशव्याच घ्यायच्या, असा दिराने हेका धरला आणि वहिनीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. साध्या पिशवीच्या दीडपट भाव, मग याला एवढा पुळका कशाचा? पिशवीवाल्याकडून याला नक्की काहीतरी सुटत असणार.

"वहिनी, साध्या पिशवीला धरायला जागाच नसते," दीर म्हणाला. "कुरियरवाले ती फरपटत नेतात. पिशवी फाटून, मळून परत आलेली रजई पुन्हा धुवा, पुन्हा पाठवा. तो खर्चही धरा की."

हिशेब अगदी चोख होता. म्हणूनच तिचा संशय आणखी बळावला.

"साध्याच मागव," नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला. "आणि पिशवीवाल्याच्या दुकानात तू कशाला जातेस? मी बोलतो त्याच्याशी."

ती गेलीच. हँडलवाल्या पिशवीत दोन रजया कोंबून तिने ती दुकानातल्या आकड्याला अडकवली आणि वर स्वतः लोंबकळली. शिवण हूं की चूं करेना. मग तिने पिशवीवाल्याला सरळच विचारलं, "माझ्या दिराला यात किती देता?"

"त्यांना?" पिशवीवाल्याने कपाळाला हात लावला. "उलट त्यांनी घासाघीस करून माझाच भाव पाडला. पाकीट मी फक्त साध्या पिशव्यांवर देतो. तुमचे साहेब दर महिन्याला येऊन नेतात की. का, घरी पोचत नाही?"

ती घरी परतली तेव्हा नवरा दारातच उभा होता. "मग, साध्याच ना?"

"हँडलवाल्या," ती म्हणाली. "आणि यापुढे त्या दुकानात भाऊजी जातील."