शेवटी उरलेली

ताईच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. नाट्यगृहाच्या तिकिटांच्या प्रोग्रॅममधून एकच खुर्ची दोघांना विकली जात होती, आणि हा घोळ कोणाच्या बदलामुळे झाला ते साहेबांना दुपारच्या मीटिंगमध्ये हवं होतं. कारण शोधणारी दोन अल्गोरिदम तिच्या गळ्यात मारली होती. त्यातलं चांगलं कोणतं, तेही तिनेच ठरवायचं.

काम तसं साधं. सगळ्यांनी प्रोग्रॅममध्ये केलेले बदल एकेक काढून बघायचे. काढूनही घोळ होतोच, तर तो बदल निर्दोष, कायमचा बाजूला. जो काढताच घोळ थांबतो, तो गुन्हेगार.

पहिल्या अल्गोरिदमने पकडलं धाकटीला. धाकटी म्हणजे ताईची सख्खी बहीण, नुकतीच याच ऑफिसात चिकटलेली, अजून कायम न झालेली. साहेबांकडे हिचं एकटीचं नाव गेलं, तर पोरीची नोकरी गेलीच म्हणायची.

दुसऱ्याने पकडलं खुद्द ताईला.

तिने दोन्ही पुन्हा चालवली. पुन्हा तेच! खरं कोण बोलतंय? शेवटी तिने धाकटीलाच हाक मारली.

धाकटीने स्क्रीनवरची बदलांची यादी वर-खाली सरकवून पाहिली. "अगं ताई, पहिलं यादीच्या वरून सुरू करतं, दुसरं खालून. तू जुनी म्हणून सगळ्यांत वर, मी सगळ्यांत खाली. बिघडलेत दोघींचे बदल. पण तुझा आधी काढला तर माझ्यामुळे घोळ चालूच राहतो, आणि तू सुटतेस; सापडते शेवटी उरलेली मी. खालून गेलं की उलटं."

"म्हणजे चूक कोणाची?"

"आईसारखंच की हे! काही फुटलं की ती आधी तुला विचारायची. तू 'मी नाही' म्हणालीस की संपलं. उरायचे मी."

धाकटी हसली. ताईला हसू येईना. एवढी वर्षं हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही, याचंच तिला वाईट वाटलं.

मीटिंगला दोघी गेल्या, तेव्हा दोन्ही निकाल साहेबांपुढे होते. त्यांनी सवयीने आधी ताईकडेच पाहिलं. "बोला, कोणाची चूक?"

कोणतं अल्गोरिदम चांगलं, हे तिला अजूनही सांगता आलं नसतं.

"माझी," ती म्हणाली.

"पण हिचंही नाव आलंय ना?" साहेबांनी धाकटीकडे बोट केलं. "नक्की कोण?"

"दोघी. पण या वेळी आधी मी."