आधी सॅलड कोण वाढणार?

सोमवारी तामाएचं केस कापायचं दुकान बंद असतं, आणि म्हणूनच सोमवारी संध्याकाळी तिथं पाय ठेवायला जागा नसते. जपानातल्या उओझू बंदराकडच्या निम्म्या बायका आरशांकडे पाठ आणि टीव्हीकडे तोंड करून बसतात. कार्यक्रम ठरलेला: तीन मुलं, तीन मुली, समुद्राकाठचं एक घर, आणि कोण कुणाच्या प्रेमात पडतंय ते बघायला अख्खा देश. यंदा त्या तीन मुलींत याच बायकांतल्या किनुएची लेक मादोका होती. वायरमनचं काम करणारी, सत्तावीस वर्षांची, बिनलग्नाची.

किनुएला लेकीची खबरबात आता टीव्हीवरूनच कळायची. नववर्षाला मादोका घरी आली होती, तेव्हा पाहुण्यांच्या पंगतीत किनुए तिला म्हणाली होती, "इतरांना वाढायचं सोडून आधी स्वतःच्या ताटलीत घेतेस? अशीला कोण करून घेणार?" झालं! पोरीनं बॅग उचलली आणि ओसाकाची गाडी धरली. त्यानंतर फोन नाही. किनुएनंही केला नाही. आईनं आधी करायचा म्हणजे काय! पण अंघोळीला जाताना ती मोबाइल सोबत न्यायची, हे तिचं तिलाच ठाऊक.

कार्यक्रमाच्या पहिल्याच भागात सहाजण जेवायला बसले. मधोमध सॅलडचं भलंमोठं भांडं. आता अशा वेळी काय करायचं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. जी मुलगी आधी वाढायचा चिमटा उचलते आणि सगळ्यांना बेताबेतानं वाढते, ती गुणाची. होनामी नावाची नाजूक पोर हात पुढे करतेय न करतेय तोच मादोकानं चिमटा उचलला. दुकानातल्या बायकांनी श्वास रोखला. मादोकानं स्वतःच्या ताटलीत ढीग रचला, चिमटा खाली ठेवला आणि खायला लागली.

"अगं बाई!" तामाए म्हणाली.

तिकडे स्टुडिओत जाणकार मंडळी बसलेली असतात, दुसऱ्यांच्या प्रेमात नाक खुपसायचा ज्यांना पगार मिळतो ती. त्यांनी तर कपाळालाच हात लावला.

"दिवसभर शिडीवर चढते पोर. भूक लागते," किनुए म्हणाली. पण गावात नाक कापलं गेलं ते गेलंच.

पुढं दर सोमवारी तेच. "किनुएसान, आज तरी मादोकानं कुणाला चहा ओतला का हो?" तामाए हसत विचारायची, आणि किनुए म्हणायची, "चहा नाही ओतला, पण घरातला दिवा दुरुस्त केला की! तुमच्या होनामीला येतो का?" बोलायची ठसक्यात; घरी येताना मात्र पाय जड व्हायचे. पोरगी टीव्हीत एवढी जवळ दिसते आणि एक फोन करत नाही, याचंच तिला जास्त लागायचं.

त्या घरात सोसुके नावाचा एक मुलगा होता. बेकरीत कामाला, गालही पावासारखे. त्याला मादोका आवडायची, हे दुकानातल्या सगळ्याजणींना त्याच्याही आधी कळलं होतं. एका सोमवारी त्यानं धीर करून तिला विचारलं, "तू कधीच कुणाला वाढत नाहीस. असं का गं?"



"आमच्याकडे आई वाढायची," मादोका म्हणाली. "आजीला, बाबांना, मला, आल्यागेल्याला. आणि मग ओट्यापाशी उभी राहून गार झालेला भात खायची. तिला गरम जेवताना मी कधी बघितलंच नाही. मीही तसंच करावं असं ती म्हणाली, म्हणून भांडून निघून आले. खरं तर मला एवढंच म्हणायचं होतं, की आई, तू पण बस ना."

जिच्या तोंडाला कधी कुलूप नसतं ती तामाए घडी घातलेल्या टॉवेलांच्या पुन्हा घड्या घालायला लागली.

"काहीतरीच बोलते," किनुए पुटपुटली. "गार नसायचा. कोमट असायचा." आणि डोळे पुसत उठून घरी निघाली.

घरी तिचा नवरा शिगेओ टीव्ही घाईघाईनं बंद करून वर्तमानपत्र वाचत बसला होता. हा कार्यक्रम म्हणजे बायकांचे चाळे, असं तो नेहमी म्हणायचा. वर्तमानपत्र उलटं होतं.

किनुएनं मासा भाजला, मिसो सूप उकळलं, सॅलडचं भांडं मधोमध ठेवलं. आणि बसली. आधी स्वतःला वाढून घेतलं.

शिगेओनं सवयीनं रिकामा वाडगा पुढं केला. वाडगा बराच वेळ हवेतच राहिला. "अगं, भात?"

"भांड्यात आहे."

"कुठल्या?"

"अहो, लग्न झाल्यापासून ज्यातून निघतोय त्याच."

शिगेओ उठला. भात शोधून घेऊन आला. मग घसा खाकरून त्यानं सॅलडचा चिमटा उचलला आणि बायकोच्या ताटलीत चांगले लालभडक टोमॅटो वाढले.

"मी टोमॅटो खात नाही," किनुए म्हणाली.

"कधीपासून?"

"जन्मापासून."

तो त्या टोमॅटोंकडे बघत राहिला. मग एकेक उचलून त्यानं आपल्या ताटलीत घेतला. "काकडी?" त्यानं हळूच विचारलं.

"चालेल."

तेवढ्यात मोबाइल वाजला. मादोका! किनुए अर्धी उठली, समोरच्या सूपची वाफ बघितली आणि परत बसून फोन कानाला लावला.

"आई," पलीकडून आवाज आला, "बघितलंस का? रागावलीस?"

"मी जेवतेय," किनुए म्हणाली. "सूप गरम आहे. संपलं की करते फोन."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. "बसून जेवतेयस?"

"मग काय उभी राहून? ठेव आता, गार होईल."

"सावकाश जेव, आई. मी जागी आहे."

किनुएनं फोन ताटलीशेजारी ठेवला, वाडगा दोन्ही हातांत धरला आणि मोठा घोट घेतला. जीभ चांगलीच पोळली. एवढं गरम खायची सवय कुठं होती तिला!