न धुतलेला रांजण

वडिवळ्याच्या देवीच्या देवळापुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. चूल नाही, विस्तव नाही, आणि महिपतीबुवांच्या रांजणातलं गुळाचं पाणी खदखदत होतं!

"आईसाहेब आत श्वास घेताहेत!" बुवा डोळे फिरवून सांगत. "तीर्थ प्या, ताप पळेल. पण रांजण धुवाल, तर वंश बुडेल!"

बुवांच्या आईसाहेबांना तेवढं धुण्याचंच वावडं होतं.

बयाबाईची चार वर्षांची नात शालू हिवतापाने फणफणली होती. बयाबाईचा लेक गेणू हिवतापावरचं औषध कोयनेल सोडून पोरीला तीर्थच पाजत होता. पोर गुंगीत पडली की म्हणे, उतार पडतोय.

रांजणातल्या पाण्याचा आंबूस वास बयाबाईने पहिल्याच दिवशी ओळखला होता. विधवा झाल्यावर पोटासाठी तिने चोरून दारू गाळली होती. अबकारीच्या शिपायांनी तिला भर गावातून नेलं होतं. पुन्हा तो विषय काढायचा नाही, अशी शपथ गेणूने घातली होती. म्हणून ती सहा दिवस गप्प राहिली, आणि आता तिला स्वतःचीच चीड आली.

सातव्या दिवशी पोर हाकेला ओ देईना. बयाबाई दोन मडकी घेऊन देवळात शिरली.

"बुवा, दोन्हींत सारखंच गूळपानी हाय. ह्या मडक्यावर काल तुमीच मंत्र घातला. दुसऱ्यात मी घरी उरलेलं तीर्थ वतलं, बिनमंत्राचं. बघा आता!"

मंत्राचं मडकं ढिम्म होतं. दुसरं फसफसत होतं.

"बाटवलंस!" बुवा ओरडले.

"आये, गप की!" गेणू कळवळला.

"सा दिस गप हुते, गेण्या." ती गावाकडे वळली. "मी दारू गाळायची, समद्यांस्नी ठावं हाय. तवा मडकं कदी धुवायची न्हाई. आदल्या खेपेचा गाळ तळाला ऱ्हायला, की नवं गूळपानी आपसूक उठतं. इरजणानं दही लागतं, तसं. ह्यात देवी न्हाई. तुमी लेकरांस्नी दारूचं पानी पाजताय!"

गेणू कुणाकडेही न बघता गाडी जुंपायला धावला. पाटलांनी रांजण कढत पाण्याने घासायला लावला. त्यात बुवांनी नवं गूळपाणी भरून दिवसभर मंत्र म्हटले. बुडबुडा आला नाही.

"दोन दिवस आधी आणायची होती," तळेगावचे डॉक्टर म्हणाले. शालू वाचली, पण डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही. गेणू तिला हाक मारतो ती उजवीकडे जाऊन.

लोकहो, चमत्कार दिसला की हात जोडायची घाई करू नका. आधी भांडं धुऊन बघा. देव खरा असेल, तर तो धुतल्या भांड्यातही येईल.