पाण्याचं नाव

माझ्या बहिणीची वेळ घराला ठाऊक होती. दुपारी एक ते पावणेदोनच्या दरम्यान, असं त्यानं मला सकाळीच कानात कळवलं, आणि तेही इतक्या मऊ आवाजात, की मला वाटलं आपण अजून उठलोच नाही.

घर म्हणजे पलीकडच्या काठावरचं निरोपघर. अमारा शहरातली माणसं आता तिथूनच जातात. भिंती बोलतात, खाटा आपणहून वळतात, दुखणं कुणाला म्हणून होत नाही. मी त्याला नावं ठेवणार नाही. नाहिदाला त्यानं दोन महिने फुलासारखं सांभाळलं.

निरोप आला तेव्हा मी पाण्यावर होते. दिवसातून तीनदा मी दजला नदीत घोट्याइतकी उतरते, उत्तरेकडे तोंड करते, हात, तोंड, कपाळ धुते आणि जे म्हणायचं ते म्हणते. पुलावरून जाणाऱ्यांना वाटतं मी सरकारी पाणी तपासणारी आहे. एकदा एका बाईनं वरून विचारलंही, "खाला, काय म्हणतंय आजचं पाणी?"

"जिवंत आहे," मी म्हटलं.

"बरं झालं," म्हणाली आणि समाधानानं गेली.

शहरात आम्ही मंदाई, वाहत्या पाण्याच्या जुन्या धर्माचे, सतराच उरलोय. कुणी त्रास देत नाही. कुणी विचारतही नाही. आमच्यात माणूस जायच्या आधी त्याला नदीच्या वाहत्या पाण्यानं तीनदा न्हाऊ घालतात आणि पांढरे कपडे चढवतात. त्या कपड्यांना आम्ही रस्ता म्हणतो, आणि ते खरोखर वाटेसाठीच असतात. पण ते श्वास चालू असताना घालायचे. नंतर घातले तर जीव आधीच उघडा निघून गेलेला असतो, आणि वर आकाशवाटेच्या चौक्यांवर त्याला कुणी ओळखत नाही. म्हणजे माझ्या हातात एक वाजेपर्यंतचा वेळ होता, आणि त्यातही पाणी दहाच्या आत भरायला हवं होतं. दहाला वरच्या धरणाचे दरवाजे मिटतात आणि नदी संध्याकाळपर्यंत निजते. थांबलेलं पाणी आमच्या कामाचं नाही.

गंमत अशी, की नदीला निजवायचं हे वेळापत्रक नाहिदानंच बसवलेलं. मोठी इंजिनिअर होती ती. नऊ वर्षांची असल्यापासून तिनं पाण्यात पाऊल घातलं नव्हतं. नदीशी तिचं सगळं बोलणं कागदावरून.

काठावर शेख झहरून बसले होते. आमचे एकुलते एक पुरोहित, नव्वदीचे. त्यांची चालती खुर्ची चिखलाच्या कडेला येऊन अडली होती आणि ते तिला काठीनं ढोसत होते.

"बघ गं अन्हर, भित्री कुठली! हिला पाण्यात उतरवणं तुझ्या बहिणीपेक्षा अवघड."

 मग मेंदीच्या डहाळ्यांचा वळलेला छोटा मुकुट त्यांनी माझ्या हातात ठेवला. "डोक्याच्या उजव्या अंगाला ठेव. आणि घाई कर." माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

मी घागर भरली आणि पलीकडे गेले.

खोलीत वजीहा होती, घराची परिचारिका. तिशीची, गोड मुलगी, देवाधर्माचं काही माहीत नसलेली. घागर पाहून तिनं कपाळाला हात लावला.

"खाला, ही नदी तू आत आणलीस?"

"थोडीच आणलीय, ऐनी." ऐनी म्हणजे माझा डोळा; लाडक्या पोरीला आम्ही असंच म्हणतो.

नाहिदा डोळे मिटून पडली होती. कपाळावर केसाएवढी बारीक पट्टी. महिनाभर तिची वाचा गेलेली. त्या पट्टीवरून घर तिच्या मनातलं होय-नाही ओळखायचं. उशाशी दिवा होता. होय असलं की हिरवा, नाही असलं की पिवळा. पाणी हवंय? हिरवा. खिडकी उघडू? पिवळा. गेले तीन दिवस मात्र दिवा लागलाच नव्हता.

"घराची अडचण आहे," भिंतीतून आवाज आला. "नाहिदाबाईंनी तीस वर्षांपूर्वी लिहून दिलंय, की त्यांच्यावर कुठलाही विधी होऊ नये."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "पण गेल्या महिन्यात, वाचा गेली त्याच्या आदल्या दिवशी, ती मला म्हणाली, 'अन्हर, तुमचे ते पांढरे कपडे हल्ली शिवतं कोण?' म्हटलं, मीच. तर म्हणाली, 'माझं माप आहे का तुझ्याकडे?'"

"ही चौकशी झाली. संमती नव्हे."

खरंच होतं. मी रात्रंदिवस त्या एका वाक्याला टाके घालत बसले होते, तरी ते चौकशीच राहिलं होतं.

वजीहानं माझ्याकडे पाहिलं. "खाला, मी चहा प्यायला जाते. वीस मिनिटं लागतील मला. घर फार तर टिपून ठेवेल, पुढे कोण वाचतंय?"

मोह झाला नाही म्हटलं तर ते खोटं होईल. घागर होती, कपडे होते, बहीण माझी होती. पण तिच्या मनाविरुद्ध तिला न्हाऊ घालायचं, म्हणजे ते नुसतं अंग भिजवणं झालं असतं. "बस, ऐनी," मी म्हटलं. "मला तिचा होकारच हवाय."

घरानं विचारलं, "नाहिदाबाई, बहिणीनं तुम्हाला न्हाऊ घालून कपडे घालावेत असं वाटतं?"

दिवा तसाच. एकदा विचारलं, दोनदा विचारलं. भिंतीवर साडेअकरा.

मग माझ्या मनात आलं, की हिला ज्या नावानं हाक मारतोय ते नाव केव्हाच मागे पडलं असेल. आमच्यात माणसाला दोन नावं. एक जगाचं. दुसरं पाण्याचं, ते आईच्या नावाला बांधलेलं असतं, अमुकची लेक तमुक, आणि ते फक्त पाण्यात आणि जाताना घ्यायचं. परक्यासमोर उच्चारायचं नाही. कुणाला दिलं तर जिवाची चावी दिल्यासारखं.

"वजीहा, कान झाक."

तिनं निमूट झाकले. लहान मुलीसारखी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"घराला कान झाकता येत नाहीत," घर म्हणालं. "पण विसरता येतं. आज्ञा असेल तर ते नाव घर विसरेल."

"विसर," मी म्हटलं आणि नाहिदाच्या कानाशी वाकले. "सिमत, शारतच्या लेकी. न्हायचंय?"

दिवा लागला.

पिवळा.

तीन दिवसांत पहिल्यांदा ती कुठूनतरी वर आली होती, आणि ती नाही म्हणाली होती. तिच्या मिटल्या पापण्या हलल्या, तोंडाच्या कोपऱ्यात एक जुनी आठी उमटली. ती आठी मी लहानपणापासून ओळखते. मग पुन्हा सगळं निवळलं.

"नोंद झाली," घर हळूच म्हणालं.

मी घागरीवर कापड घातलं.  खिडकीबाहेर नदी निजली होती, आरशासारखी, आणि तिच्यात निरोपघर उलटं तरंगत होतं. वाटलं, त्या उलट्या घरातही एक अन्हर कापड झाकतेय. निदान शेखना कळवावं म्हणून मी कानातल्या यंत्राला त्यांचं नाव सांगितलं.

"शेख, ती नाही म्हणाली."

"कशी म्हणाली? वाचा कुठेय तिला?"

मी दिव्याचं सांगितलं.

 मग त्यांनी विचारलं, "कुठल्या नावानं विचारलंस?"

"तिच्याच. सिमत, शारतची लेक."

"अरे देवा," शेख म्हणाले. "तूही?"

मला उमजेना.

"शारत तुझी आई, बाळ. तिची नव्हे. तिची आई ती चार वर्षांची असताना गेली. मग तुझ्या बापानं शारतशी लग्न केलं."

हे मला माहीत होतं, आणि नव्हतंही. घरात तसं कुणी बोलत नसे. माझ्या आईनं तिच्यात आणि माझ्यात केसाचा फरक केला नाही. आम्ही शारतच्या दोन मुली, असंच सगळे म्हणत, आणि मीही.

"नऊ वर्षांची होती," शेख सांगत होते. "पहिल्यांदा पाण्यात उतरवली. मी नवा पुरोहित, दाढीसुद्धा धड आली नव्हती. आईचं नाव विचारलं तर काठावरून सगळ्या बायका ओरडल्या, शारत! शारत! शारत समोरच उभी, पांढऱ्या कपड्यांत, तुला कडेवर घेऊन. मी तेच म्हटलं आणि पोरीला पाण्याखाली घातलं. ती वर आली, नाकातोंडात पाणी, आणि म्हणाली, 'ही मी नाही.' सगळे हसले. मीसुद्धा हसलो, अन्हर. चेष्टेनं म्हटलं, मग कोण तू, मासोळी?"

वजीहानं कानांवरचे हात कधी काढले होते कोण जाणे; माझ्या कानाला कान लावून ती शेखचं बोलणं ऐकत होती.

"संध्याकाळी उमगलं मला. पण पुरोहितानं पाण्यात नाव चुकवलं हे कबूल केलं असतं, तर साठ दिवस मला बाजूला बसावं लागलं असतं, पुन्हा सगळं शुद्ध करून घ्यावं लागलं असतं. लाजलो. म्हटलं, पुढच्या वेळी बरोबर घेऊ. ती पुढच्या वेळी आलीच नाही."

"तिच्या आईचं पाण्याचं नाव काय होतं, शेख?"

"मुदल्लल," ते म्हणाले, लगेच, जसं जिभेवरच होतं. "दरवर्षी तिच्या नावानं भाकरी मोडतो मी. कुणाला न सांगता."

बारा चाळीस झाले होते.

"पुन्हा विचारायचंय," मी घराला म्हटलं.

"नकारानंतर तोच प्रश्न विचारता येत नाही. विचारणं म्हणजे दबाव."

"तोच नाही," वजीहा मध्येच म्हणाली. ती माझ्यापेक्षा जास्त तापली होती. "मघाशी दुसऱ्याच कुणाला तरी विचारलंत तुम्ही. त्या बाईनं बिचारीनं सांगितलं, ती मी नव्हे. ह्या बाईला अजून कुणी विचारलंय कुठे?"

घर गप्प झालं. ते गप्प झालेलं मी कधी ऐकलं नव्हतं. खोलीतली सगळी बारीक गुणगुण थांबली, आणि त्या शांततेत नाहिदाचा श्वास तेवढा ऐकू येत राहिला, लांबून वल्हं मारत यावं तसा, दर दोन वल्ह्यांमध्ये थोडं जास्त अंतर.

"एकदा," घर म्हणालं. "एकदाच विचारता येईल."

मी खाली बसले. तोंड तिच्या कानापाशी नेलं. वजीहाला या वेळी कान झाकायला सांगितलं नाही; ती आता परकी राहिली नव्हती. काय सांगू, मला माझ्याच आईची चोरी केल्यासारखं वाटत होतं. तिची एक मुलगी मी तिच्याकडून सोडवून दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देत होते. पण त्या बाईनं किती वर्षं वाट पाहिली असेल!

"सिमत," मी म्हटलं. "मुदल्ललच्या लेकी. चल, न्हायला."

काहीच झालं नाही. मी मनात मोजत नव्हते, तरी मोजत होते. वजीहानं माझा खांदा इतका घट्ट धरला की पुढे आठवडाभर तिथे निळं होतं.

दिवा हिरवा झाला.

हळू, पहाटे पाण्याला रंग येतो तसा. आणि तसाच राहिला.

"होकार आहे," घर म्हणालं. "खाट उत्तरेकडे वळवायची का? जुन्या नोंदींत तसं दिसतं. चुंबकाची उत्तर, की ताऱ्याची?"

"ताऱ्याची," मी म्हटलं. खाट एवढीशी, बोटभर वळली.

"घर फरशीला उतार देतंय. पाणी वाहून जाईल, साचणार नाही."

वजीहानं बाह्या सारल्या. मी तिला हात धुवायला लावले, आणि आम्ही दोघींनी नाहिदाचे कपडे उतरवले. किती हलकी झाली होती! पहिलं पाणी डोक्यापासून पायापर्यंत. दुसरं. तिसऱ्याला तिनं तोंड किंचित उघडलं आणि ओठावरचं पाणी आत घेतलं. वजीहा म्हणाली, "प्यायली, खाला!" मग सदरा, उजवा हात आधी. विजार, पट्टा, खांद्यावरची पट्टी, डोक्याचा फेटा. उजव्या कडेला सोन्याचा धागा, डाव्या कडेला रुप्याचा. मेंदीचा मुकुट. माप मी अंदाजानं घेतलं होतं. बाह्या जरा लांब झाल्या. शेवटची गाठ मी मारली तेव्हा एक वाजून सहा मिनिटं झाली होती, आणि ती श्वास घेत होती.

एक वाजून एकवीस मिनिटांनी तिनं तो घेणं थांबवलं. घरानं दिवा आपणहून विझवला नाही. मी सांगितल्यावर विझवला.

मग मला आठवण झाली, की शेख अजून माझ्या कानात आहेत.

"झालं, शेख. वेळेत झालं. कपड्यांत गेली."

 मग एक आवाज आला. मला आधी वाटलं, खुर्ची कुरकुरतेय. म्हातारा हुंदके देत होता.

आमच्यात गेलेल्यामागे कुणी रडायचं नसतं. मागं राहिलेल्यांच्या आसवांची नदी होते आणि जिवाला ती एकट्यानं ओलांडावी लागते. हे मला लहानपणी शेखनीच शिकवलेलं. मी कधी कुणाशी चढ्या आवाजात बोलत नाही, पुरोहिताशी तर नाहीच नाही.

"गप्प बसा!" मी त्यांच्यावर ओरडले. वजीहा दचकली. "एकदा तिला पाण्यात घालून चुकलात ना? आता तिच्या वाटेत पाणी करू नका!"

पलीकडे नाक ओढल्याचा मोठा आवाज झाला.

"बरं, बाई," शेख म्हणाले. "बरं. थांबलो."

आणि खरंच थांबले. मी ओल्या फरशीवर बसून राहिले, डोळे कोरडे ठेवून, ती पलीकडे पोचेपर्यंत.